भावोजींच्या पिंडाला कावळा

ताईचा नवरा, म्हणजे आमचे भावोजी, मोटारींच्या शर्यतीत गाडी चालवायचे. भांडुपला त्यांचं साधं गॅरेज होतं, पण कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंतची पोरं त्यांना देव मानायची. ऐंशीच्या दशकात क्रिकेट सोडून कुणाला कशाचं कौतुक नव्हतं, तरी भावोजी मद्रासहून कप घेऊन आले की गॅरेजबाहेर फटाक्यांच्या माळा लागायच्या. ते शर्यतीला गेले की ताईला घास उतरायचा नाही. तारवाला गल्लीत दिसला तरी तिचे हातपाय गार पडायचे. शेवटी तिने स्वतःची शपथ घातली आणि त्यांनी शर्यत सोडली.

पुढे दोन-तीन वर्षांनी भावोजी झोपेतच गेले. ही भक्तमंडळी सांत्वनाला आली आणि ताईला ऐकू जाईल असं बोलली, "वाघाला पिंजऱ्यात घातलं, आणखी काय होणार?" मला त्यांच्या कानाखाली काढावीशी वाटली.

दहाव्याला बायकांनी घाटावर जायची आमच्यात रीत नाही. ताई हट्टाने गेली, म्हणून मीही गेले. मंडळींनी भावोजींची शर्यतीची गाडीसुद्धा ओढत आणली होती. पिंड मांडले. कावळे झाडावर बसून नुसते बघत होते.

"काही इच्छा राहिली असेल, शब्द द्या," भटजी म्हणाले.

झालं! एकाने पुढचा कप आणायचा शब्द दिला, दुसऱ्याने गॅरेज चालवायचा. कावळे ढिम्म. मग एकेक जण ताईकडे बघायला लागला. आज कावळा शिवला नसता तर नवऱ्याची इच्छा मारल्याचा ठपका तिला जन्मभर पुरला असता.

"शेठला इंजिनचा आवाज ऐकवू ना यार," कुणीतरी म्हणालं.

गाडी अशी काही डरकाळली की झाडावरचे सगळे कावळे उडाले.

"अरे मेल्यांनो, बंद करा ते!" मी ओरडले. भटजी मुकाट्याने दर्भाचा कावळा करायला बसले.

तेव्हा ताई पिंडासमोर जाऊन उभी राहिली. हातसुद्धा जोडले नाहीत.

"अहो, मी कसलाही शब्द देणार नाही. तुम्हाला अडवलं ते बरोबरच केलं. एवढी वर्षं घाईघाईत चार घास खाऊन पळायचात, नंतर माझ्यासमोर निवांत बसून जेवलात. तसंच जेवा आता."

उडालेले कावळे एकेक करून झाडावर परतले. मग एक कावळा खाली उतरला, उड्या मारत आला आणि त्याने भाताला चोच लावली. माझा जीव भांड्यात पडला. मी तर त्या कावळ्याच्या पाया पडायचीच बाकी होते.

ताई माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. मला वाटलं, आता हिला सावरायला हवं. पण ती कानाशी म्हणाली, "घरात गेले गं ते. माझ्या शेजारी झोपेत गेले. जिंकले मी."