उंबऱ्याबाहेरचं पदक

आमच्या घरात अंगाचा साबण दिवाळीलाच यायचा. एरवी आई ओढ्याच्या काठची काळी माती आणून आमची डोकी धुवायची. समोरच्या सुभेदारांच्या घरात मात्र बारमाही मिलिटरी कँटीनचा साबण. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. ती शेजारी येऊन बसली की मी आधी तो वास ओढून घ्यायची आणि मग तिच्यावर चिडायची. पावसात तिला कँटीनचा रेनकोट, आम्हाला खताच्या गोणीची खोळ. तिला बूट, आम्हाला चिखल. हे मी आज हसत लिहीत नाहीये. मला तेव्हा तिचं सगळं हवं होतं, आणि सगळ्यात जास्त तिचा बाप हवा होता.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, पावसाळ्यात भात करायचे. भात निघालं की दुसऱ्यांच्या रानांना तारेचं कुंपण घालून द्यायचे. हातात पक्कड, खांद्यावर तारेची गुंडाळी. तारेला तार जोडताना ते एक वेगळाच पीळ द्यायचे, आधी गाठ आणि मग दोन्हीकडून घट्ट वेटोळं. दुसऱ्या कुणाचा जोड तसा नसायचा. पण पिळाचं कुणाला काय कौतुक? सव्वीस जानेवारीला शाळेत झेंड्याखाली खुर्चीवर सुभेदार बसायचे. छातीवर रंगीत पट्ट्या. दादा कुंपणाच्या बाहेर टोपी काढून उभे राहायचे आणि झेंडा वर गेला की पक्कड घेऊन कामावर जायचे.

एकदा भांडणाच्या भरात आई बोलून गेली, "तुजा बाप बी मिलट्रीत व्हता. लढाईत व्हता. पन त्याच्यापुडं ईषय काढायचा न्हाई."

विषय काढायचा नाही तर नाही, पण शाळेत सांगायला कुणी अडवलं होतं? मी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. सुभेदारांची मुलगी खो खो हसली. "बाबा म्हणतात, तुझे दादा लोणावळ्याला बंगल्यावर माळी होते. आणि पेन्शन नाही तो फौजी कसला गं?"

सगळ्या गावाची हीच समजूत होती. दादा तरुणपणी काही वर्षं गावातून गायब होते आणि अधूनमधून लोणावळ्याच्या बाजूनं पायजमा-सदऱ्यात उगवायचे, एवढंच गावानं पाहिलेलं. मी दादांना विचारलं. ते तार ओढत राहिले. म्हणाले, "जा, आईला पानी आनू लाग."

पुढं मी तळेगावला कॉलेज केलं. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. नवलाख उंबरे गावाच्या बाजूला एका कारखान्यात पगारपत्रकांचं काम बघते. साबण आता माझ्या घरी हवा तसला आहे. पण समोरच्या घरावरची 'माजी सैनिक' ही पाटी दिसली की मी अजून मान वळवायची.

गेल्या वर्षी ग्रामपंचायतीनं ठरवलं की झेंड्याच्या चौथऱ्यावर काळी फरशी बसवायची आणि तिच्यावर गावातल्या सैनिकांची नावं कोरायची. सव्वीस जानेवारीला उद्घाटन. दादांनी पंच्याहत्तरी कधीच ओलांडलेली, गुडघे गेलेले, दिवाळीनंतरचं कुणी सांगावं. मी ठरवलं, त्या फरशीवर दादांचं नाव त्यांच्या डोळ्यांदेखत यायला हवं.

सरपंच भला माणूस. दादांना सगळं गाव आबा म्हणतं, तोही. म्हणाला, "ताई, आबांचं नाव टाकायला आपलं काय जातंय? पण कागद पायजे. न्हाईतर उद्या कुनीबी उटंल नि म्हनंल, मी बी व्हतो."

सुभेदार तिथंच बसले होते. त्यांना सल्ल्याला घेतलं होतं. "पोरी, फौजेतला नंबर सांग आबांचा," ते म्हणाले. "फौजी बायकोचं नाव विसरेल, नंबर नाही विसरणार."

घरी येऊन दादांना नंबर विचारला. "इसरलो," दादा म्हणाले. भिंतीकडे बघून म्हणाले.

मी जिल्ह्याच्या सैनिक कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनीही हेच विचारलं. नंबर नाही, पलटण माहीत नाही, फौजेतून सुटल्याचं पुस्तक वाळवीनं खाल्लेलं. त्यांनी आमच्या गावाच्या नावानं शोधून पाहिलं. त्या काळात आमच्या गावातून कुणी भरतीच झालेलं नव्हतं. साहेब अदबीनं म्हणाले, "मॅडम, कधी कधी घरात ऐकीव गोष्टी असतात."

परत आले तर गल्लीत सुभेदारांची मुलगी भेटली. माहेरी आली होती. "मिळालं का गं काही?" असं तिनं साधंच विचारलं. तिच्या आवाजात कीव होती. ती हसली असती तर बरं वाटलं असतं.

दसरा जवळ आला. दादा दर खंडेनवमीला लोणावळ्याजवळ वलवणला त्यांच्या मामाच्या घरी जातात. आमच्या घरातल्या कोयत्या-विळ्यांची पूजा आई करायची आणि दादा एकटेच तिकडं. आम्हाला कधी नेलं नाही. मामा वारले, मामी वारल्या, तरी जाणं चुकलं नाही. यावर आईचा एक टोमणा ठरलेला असायचा, "सवताच्या घरचं द्येव सोडून मामाच्या द्येवाला." त्या वर्षी गुडघ्यांमुळे त्यांना एकट्यानं लोकलमध्ये चढता येईना. मी म्हटलं, मी येते. दादांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली. मग म्हणाले, "चल. पन तितं गेल्यावर परश्न नगो."

लोणावळा स्टेशनवरून रिक्षा केली. शनिवार-रविवारच्या गर्दीतून, चिक्कीच्या दुकानांपुढून रिक्षा वलवणला पोचली. मामाच्या घरी आता त्यांची मुलगी राहते, म्हणजे दादांची मामेबहीण, माझी आत्या. तिनं नवऱ्यामागं माहेरचंच घर सांभाळलेलं. दादांना बघून तिनं तांब्या आणला आणि त्यांच्या पायांवर पाणी घातलं. तुळशीवरच्या मांडवाला तार होती. मी सहज वर पाहिलं. आधी गाठ आणि मग दोन्हीकडून घट्ट वेटोळं.

"ही दादांनी बांधली?" मी विचारलं.

"मग कुनी? लढाईत ह्योच जोड द्यायचा तो," आत्या म्हणाली. "पाठीवर फोनच्या तारेचं ढोल घिऊन अंधारात रांगत जायचा. गोळा पडला की तार तुटायची. मग ह्यो बोटांनी चाचपत तुटल्याली टोकं हुडकायचा. बत्ती लावायची न्हाई. राजस्तानच्या वाळूत, थंडीत. बोटं फुटून रगात यायचं, तर त्यो म्हनायचा, आक्के, रगात गरम असतंय, बरं वाटायचं. का रं, खरं का न्हाई?"

"गप की," दादा म्हणाले आणि हसले.

हसले! मी त्या माणसाच्या घरात वाढले, आणि तो तसा हसतो हे मला माहीत नव्हतं. मला बरं वाटायला हवं होतं. माझं तर अंग पेटलं. ही गोष्ट माझी होती. मी शाळेत ती सांगायला हवी होती. आमच्या वाट्याला चिखल आणि गप्प बसलेला बाप, आणि हिला मात्र बसल्या जागी सगळं. सुभेदारांच्या मुलीचा मी जन्मभर हेवा केला, पण तो साबणाचा हेवा होता. हा वेगळा होता. आत्या चहा गाळत होती आणि मला तिच्या हातातलं गाळणं ओढून घ्यावंसं वाटत होतं.

"तुला ठावं न्हाई?" आत्यानं माझं तोंड पाहिलं. "काय रं, पोरीला काईच सांगितलं न्हाईस?"

मग आत्यानंच सांगितलं. दादा लहानपणी आजोळीच असायचे. भरतीला मामाच घेऊन गेले आणि गावाच्या जागी त्यांनी वलवण सांगितलं. भाचा आपल्या दारात वाढला, म्हणजे आपल्याच गावचा, असा त्यांचा सरळ हिशेब. लढाई सुरू झाली त्याच सुमारास माझी आजी, दादांची आई, वारली. ती गेल्याची तार आधी वलवणला मामांकडे आली, तिथून पलटणीत गेली. तेव्हा सगळ्यांच्या सुट्ट्या बंद. थोरला मुलगा असून दादा अग्नी द्यायला नव्हते, तेराव्यालाही नव्हते. लढाई थांबल्यावर एका रात्री फौजी कपड्यांत ते आमच्या घरी पोचले, तर आजोबा उंबऱ्यात आडवे उभे. म्हणाले, "आईच्या तोंडात पानी घालाया न्हवतास. ह्ये सोंग घिऊन माज्या उंबऱ्याच्या आत यायचं न्हाई. त्याचं नाव बी आत काडायचं न्हाई. शब्द दे."

दादांनी शब्द दिला. त्यानंतरच्या प्रत्येक सुट्टीला ते वलवणला उतरले, कपडे इथं बदलले आणि पायजमा-सदऱ्यात गावी गेले. आजोबा अंथरुणाला खिळल्यावर शेतीसाठी नोकरीही सोडली, पेन्शनच्या कितीतरी आधी. आजोबा गेले. शब्द राहिला.

मग पूजा झाली. देव्हाऱ्यापुढं पाटावर कोयता, विळा, पहार, आत्याचं शिलाई मशीन, नातवाचा लॅपटॉप. आणि देव्हाऱ्यातून आत्यानं एक लाल गोळा काढून मधोमध ठेवला. मला वाटलं, सुपारी किंवा टाक असेल.

"ह्याचं मिडल," आत्या म्हणाली. "माजी आई दर खंडेनवमीला पुजायची. आता मी."

पन्नासहून जास्त वर्षांचं हळदकुंकू आणि तेल त्याच्यावर बसलेलं. देवाची वस्तू, ती खरवडायची कशी, म्हणून कुणी हात लावला नव्हता. मला कारखान्यात एका माजी सैनिक वॉचमननं एकदा दाखवलं होतं की पदकाच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. मी आत्याला म्हटलं, "आत्या, हे धुऊ का?"

"द्येवाला आंघोळ घालत्यातच की," ती म्हणाली.

राख आणि लिंबू घेऊन मी न्हाणीत बसले. लाल पाणी वाहत राहिलं. मी जरा जोरातच घासत होते, तिथं माझा रागही घासत होते म्हणा. खाली पांढुरका धातू निघाला. मी कड उजेडाकडे धरली. अक्षरं बारीक, झिजलेली. मी एकेक आकडा मोठ्यानं वाचू लागले. चार आकडे वाचले आणि अडखळले, पुढचा तीन की आठ, कळेना.

मागून दादांचा आवाज आला. त्यांनी पुढचे सगळे आकडे सांगितले, एका दमात, मग हुद्दा, मग स्वतःचं नाव. डोळे मिटलेले. भिंतीला टेकलेले, तरी टाचा जुळलेल्या.

"इसरला होतात ना?" मी म्हटलं.

"तितं इसरल्यालोच हाय," दादा म्हणाले. "हितं चालतं."

आत्या पदक माझ्या हातात देऊ लागली. "न्ये. तुजंच हाय."

मला ते हवं होतं. किती हवं होतं ते लिहिता येणार नाही. मी पर्स उघडलीसुद्धा. दादांनी हात आडवा केला. "आत न्हाई न्यायचं, पोरी. बापाला शब्द दिलाय."

मी पर्स बंद केली आणि स्टेशन येईपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. स्टेशनवर लोकलची वाट बघताना मीच तोंड उघडलं, आणि वाकडंच उघडलं. "समोरच्या सुभेदारांनी तर लढाई पाहिलीसुद्धा नाही. तरी खुर्ची त्यांना."

दादा माझ्याकडे वळले. "आसं बोलायचं न्हाई. ज्यानं इतकी वर्सं बंदूक धरून वाट बगितली, त्यो बी लढलाच." मग म्हणाले, "बापानं उंबऱ्याच्या आत नगो म्हनलेलं. झेंड्याची जागा उंबऱ्याभाईर हाय."

एवढंच. मला पुरलं.

नंबर आणि वलवण, दोन्ही हाताशी आल्यावर अर्ज करायला वेळ लागला नाही. अर्ज मी लिहिला. उत्तर पोस्टानं आलं, शिक्क्यासकट: एकाहत्तरच्या लढाईत होते, तारा टाकण्याच्या कामावर. मी ते सरपंचाला दिलं. सुभेदारांनी चष्मा लावून वाचलं, उठले, रस्ता ओलांडून आमच्या दारात आले आणि उंबऱ्याबाहेर उभे राहून दादांना सॅल्यूट ठोकला. "आबा, तुमी आमाला शीनियर!" दादा ओट्यावर पक्कड पुसत होते. म्हणाले, "मग च्या पी. शीनियर सांगतोय."

सुभेदारांची मुलगी त्यांच्या मागं उभी होती. तिनं माझा हात दाबला. मी दाबू दिला.

पदक अजून वलवणला आत्याच्या देव्हाऱ्यात आहे. पुढच्या खंडेनवमीला ती त्याच्यावर पुन्हा हळदकुंकू वाहील आणि मी समोर बसून बघेन. मला हेवा वाटेल. वाटू दे.

सव्वीस जानेवारीला फरशीचं उद्घाटन झालं. दादा कुंपणाच्या आत होते, खुर्चीवर, सुभेदारांच्या शेजारी. फरशीवर पहिलं नाव दादांचं आहे, आणि त्यापुढं वलवणचं नाही, आमच्या गावाचं.