झाडाला टेकलेला माणूस

मराठी वाचायला मी बाबांच्या जुन्या पत्रकांवरून शिकले. पुण्यात ते कामगार संघटनेची पत्रकं लिहायचे. दुबईत आल्यावर लिहिणं सुटलं, गठ्ठा मात्र करामा भागातल्या आमच्या तेव्हाच्या घरात कपाटावर राहिला. त्यामुळे 'कमळ'आधी मला 'कामगार बंधूंनो' वाचता यायचं.

आता मी जबल अलीतल्या एका गोदामाच्या ऑफिसात आहे. चिनी क्लायंट येणार म्हणून साहेबांनी स्टाफच्या नव्या एसी खोलीच्या काचेवर भलंमोठं चिनी अक्षर लावलं. शेजारी बसणाऱ्या चिनी सहकारी बाईंनी मला ते कागदावर काढून दाखवलं. डावीकडे माणूस, उजवीकडे झाड. झाडाला टेकलेला माणूस म्हणजे विश्रांती. फार पूर्वी हाडांवर अक्षरं कोरत, तेव्हाही ते असंच होतं. आजही सुट्टी म्हणा, निवृत्ती म्हणा, हे अक्षर येतंच.

आमच्या गेटपाशी एकच झाड होतं, कडुनिंबाचं. उन्हाळ्यातल्या दुपारच्या सुट्टीत लोडर त्याच्या बुंध्याला पाठ लावून बसत. पाहुण्यांच्या गाड्यांना जागा हवी, म्हणून तेच तोडायचं ठरलं.

मी साहेबांना म्हटलं, "सर, मग लोडरना या खोलीत बसू द्या."

साहेब मुंबईचे. हसले. "हबीबी, घामाचा वास येतो गं. आणि झाडाचं काय घेऊन बसलीस? आत दोन प्लास्टिकची ठेवतोय ना!"

त्या संध्याकाळी अल मजाज भागातल्या आमच्या आताच्या घरी मी निवेदन लिहिलं आणि बाबांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला.

"पहिलं वाक्य लांब झालंय," ते म्हणाले. मग कागद उलटा ठेवला. "फाड हे. तुझा व्हिसा त्यांच्या हातात आहे."

"बाबा, तुम्हीच शिकवलंत ना?"

"वाचायला शिकवलं. यल्ला, जेवायला बस."

पहिलं वाक्य तेवढं मी लहान केलं. लोडरना सह्या मागितल्या नाहीत. त्यांचे व्हिसाही त्याच हातात होते. एकटीच्या सहीनं निवेदन दिलं. साहेब म्हणाले, "बघू, इन्शाल्ला." झाड त्याच आठवड्यात गेलं. क्लायंटनं काचेपुढे फोटो काढला आणि अक्षराचं कौतुक केलं.

आता सुट्टीत लोडर उभ्या ट्रकच्या सावलीत बसतात. टेकत नाहीत, पत्रा भाजतो. ट्रक निघाला की डबे उचलतात आणि दुसऱ्या ट्रकपाशी जातात.