दुखणं थांबवल्याचा गुन्हा

"कोट्यातून डॉक्टर झालेल्या बाईनं माझ्या बाबांना मारलं!"

वॉर्डाच्या दारात उभा राहून तो ओरडला. नर्स, मावश्या, इतर रुग्णांचे नातेवाईक, सगळ्यांसमोर. त्याचे वडील नुकतेच गेले होते.

निवृत्त प्राध्यापक. आम्ही त्यांना सर म्हणायचो. कॅन्सर हाडांत पसरलेला. चादर हलली तरी किंचाळायचे. शुद्धीत असताना त्यांनीच मला सांगितलं होतं, "डॉक्टर, नळ्या घालू नका. फक्त हे दुखणं थांबवा." त्यांच्या पत्नी, काकू, शेजारीच होत्या. मी मॉर्फिन सुरू केलं. नियमानं, जपून. सर झोपू लागले. झोपेतच गेले. मुलगा बेंगळुरूहून आला तो माझं आडनाव विचारतच.

संध्याकाळी पोलीस आले. सदोष मनुष्यवध. हा शब्द मी तोवर फक्त पेपरात वाचलेला. खडकीच्या क्वार्टरमध्ये वाढले मी. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात. स्फोटाची भीती आमच्या घरात रोजची होती. ही वेगळी. जिना उतरताना मध्येच कठडा धरून बसले. उलटी झाली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. मुलगा खुर्चीत. काकू मान खाली घालून. मला कुणी बसा म्हणालं नाही.

"हात जोड. चूक झाली म्हण," मोठे डॉक्टर म्हणाले. "हे तक्रार मागे घेतायत. विषय संपला."

मुलगा हसला. "तुम्हा लोकांना शिकायला वेळ लागतो. समजू शकतो आम्ही."

माझे हात खरंच वर येत होते. भीतीनं. तेवढ्यात वॉर्डातून ओरडणं ऐकू आलं. मार्केट यार्डातला हमाल, पोटाचा कॅन्सर. कालपासून त्याला मॉर्फिन लिहून द्यायला एकही डॉक्टर तयार नव्हता. सगळ्यांना माझी केस दिसत होती. मी आज हात जोडले, तर हा असाच ओरडत मरणार. याच्यानंतरचाही.

हात खाली घेतले.

"चूक झालेली नाही. सरांनी मागितलं तेच दिलं. काकूंना विचारा."

काकूंनी मुलाकडे पाहिलं आणि मान पुन्हा खाली घातली.

मी वॉर्डात गेले. हमालाला इंजेक्शन दिलं. त्याची मूठ हळूहळू सुटली.

केस उभी राहिलीय. चौकीतून फोन आला की अजून दोन-तीनदा वाजू देते, मगच उचलते. अटक होईल, नोंदणी रद्द होईल, म्हातारे वडील कोर्टाच्या बाकावर बसून राहतील. सगळं दिसतं मला. तिथं विचारतील, "इंजेक्शन तुम्हीच दिलंत?"

मी हो म्हणणार. आवाज कापेल. तरी हो.