पाटावरची किल्ली

तमाम ग्वाल्हेरकर मराठी मंडळींस, विशेषतः ज्यांचे पणजोबा दरबारात मोठ्या हुद्द्यावर होते त्यांस (म्हणजे सर्वांसच), अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, या नगरीतील शेवटच्या मुद्राधारक आपली मुद्रा योग्य हाती सोपवून दसऱ्याच्या दिवशी सकाळच्या गाडीने इंदूरला रवाना झाल्या आहेत. दुखवटा पाळण्याचे कारण नाही. त्या ठणठणीत आहेत, आणि परवाच त्यांनी फोनवर मला "भाऊ, पोट कमी करा" असं सुनावलं.

त्यांना आम्ही शिक्केकाकू म्हणायचो. महाराज बाड्याच्या मागच्या गल्लीत, साड्यांच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. तिथे आम्ही मोबाइलची ॲप्स बनवतो. ऑफिसात नवीन आलेला माणूस पहिल्याच आठवड्यात एक प्रकार बघून हबकायचा. काकू कमरेच्या जुडग्यातून लाल दोऱ्याची पेनड्राइव्ह सोडवायच्या, कॉम्प्युटरला लावायच्या आणि सगळ्यांवरून नजर फिरवून म्हणायच्या, "फिरा." की मालकासकट अख्खं ऑफिस भिंतीकडे तोंड करून उभं. काकू पासवर्ड टाकत. टकटक संपली की "झालं" असा आवाज यायचा आणि आम्ही परत माणसांत येत असू. एकदा आयकर विभागातले एक साहेब सहज भेटायला आले होते. तेही फिरले. का फिरलो हे त्यांनी जाताना जिन्यात मला विचारलं.

हे काम म्हणजे काय, ते सांगतो. ॲप लिहून झालं की ते एका पुडक्यात बांधतात आणि त्या पुडक्यावर कंपनीच्या किल्लीने सही करतात. ही किल्ली म्हणजे कॉम्प्युटरमधली एक फाइल. सही डोळ्यांना दिसत नाही, पण फोनला ओळखता येते. पुढे त्याच ॲपची सुधारलेली आवृत्ती आली की फोन आधी सही बघतो. तीच असेल तर आत घेतो. दुसरी असेल तर दारातूनच परत पाठवतो. किल्ली गेली तर लोकांना जुनं ॲप काढून नवं टाकावं लागतं आणि आत साठवलेलं सगळं जातं. म्हणून किल्ली काकूंकडे. एक प्रत कमरेच्या पेनड्राइव्हमध्ये, दुसरी बँकेच्या लॉकरात.

काकूंच्या सासरचे कोणी एक पूर्वज दरबारी कागदांवर लाख ओतून शिक्का उठवायचे, असं त्या सांगत. मी या बाबतीत जरा संशयी आहे. आमच्या लष्कर भागात ज्याला विचाराल त्याचे पूर्वज दरबाराच्या आत होते. मग बाहेर भाले घेऊन कोण उभं होतं, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. पण काकू सही करायला बसल्या की माझा संशय जरा डळमळायचा. पाठ ताठ, पदर खोचलेला, तोंडातली सुपारी थुंकून आलेल्या. "शिक्का उठला की मग कागद आपला," त्या म्हणत. "आत काय लिहिलंय ते मी लिहिलं नाही, असं म्हणता येत नाही मग."

आमच्याकडे शिवानी नावाची भिंडची मुलगी कोड लिहिते. हुशार, आणि सदा घोड्यावर. तिचं आणि काकूंचं रोज वाजायचं.

"काकू, कर दो ना. एक साइन ही तो है."

"बेटा, तलाकच्या कागदावर पण एक साइनच असते."

"आप हर बात में डराती हो."

"मी नाही डरवत. तू डरत नाहीस, तो प्रॉब्लेम आहे."

महागड्या फोनांची आणखी एक तऱ्हा असते. त्यांच्यावर ॲप तपासायला द्यायचं तर कोणत्या फोनांना द्यायचं त्यांची नोंद आधी पुडक्यातच करावी लागते. बाकीच्या फोनांवर ते चालतच नाही. एक कपड्यांचे व्यापारी होते. त्यांच्या फोनची नोंद करून काकूंनी पुडकं पाठवलं, आणि शेठ लालबुंद होऊन जिना चढून आले. "चलता ही नहीं है! क्या बनाया है तुम लोगों ने?" काकूंनी फोन हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "शेठजी, ये तो नया है." मग कळलं की लग्नाच्या वाढदिवसाला बायकोने नवा फोन दिला होता. काकू शांतपणे म्हणाल्या, "न्योता पुरानेवाले को गया था. आप दूसरे को ले आए. अब दरवाज़े पे रोकेंगे तो सही." शेठ आधी हसले, मग बसले, मग त्यांनी सगळ्यांना कचोरी मागवली. नवा फोन नोंदवला गेला.

पण काकूंचा मुख्य हट्ट वेगळाच होता. मी तपासणीचा माणूस, म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं ॲप बिघडवून दाखवायचा पगार घेणारा. मी ऑफिसातल्या सगळ्या फोनांवर ॲप दामटून बघितलं तरी काकूंचं समाधान होत नसे. "आईंच्या फोनवर चाललं का?" आई म्हणजे त्यांच्या सासूबाई. वय ऐंशीच्या पुढे, राहायला थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरात, आणि फोन असा की तो चालू आहे याचंच कौतुक वाटावं. प्रत्येक पुडकं सगळ्यांकडे जायच्या आधी आईंच्या त्या फोनवर जायचं आणि संध्याकाळी काकू निकाल विचारायच्या. आईंचे शेरे थोडक्यात असत. "ते हिरवं बटण कुठे पळालं?" "अक्षरं मुंग्यांची आहेत." "हे सारखं मला रेटिंग मागतंय, याला काय हुंडा हवाय?" आम्ही हसायचो, पण गपचूप दुरुस्तही करायचो, कारण आई नापास म्हणाल्या तर काकू पुडकं पुढे जाऊ देत नसत.

थाटीपुरच्या एका औषधवाल्यांसाठी आम्ही असंच एक ॲप केलं होतं. गोळीची वेळ झाली की घंटी वाजते, एवढंच. दुकानात येणाऱ्या म्हाताऱ्या मंडळींच्या फोनमध्ये ते स्वतः हाताने टाकून देत आणि बजावत, "घंटी बजे, तो गोली लेनी है." लोक ते ऐकत. जुने फोन, जुनी माणसं, दोन्ही शिस्तीची. आईही त्यांतल्याच एक.

आता गेल्या नवरात्रात या. काकूंचं ठरलं होतं: दसऱ्याला निघायचं. मुलगा इंदूरला असतो, सासूसुनेला घेऊन जायला तो आठवडाभर आधीच आला होता. "सीमोल्लंघन करायचं ते एकदम इंदूरपर्यंत," असं त्या सगळ्यांना हसत सांगायच्या, पण सांगताना हात जुडग्यावर. अष्टमीच्या दिवशी त्यांनी सगळ्यांसाठी डबा भरून साबुदाण्याची खिचडी आणली आणि औषधाच्या ॲपची नवी आवृत्ती हातात घेतली. काकूंच्या हातची शेवटची. माझ्या फोनांवर पास. आम्ही भिंतीकडे फिरलो, टकटक झाली, आणि सही झालेलं पुडकं आईंच्या फोनवर गेलं. संध्याकाळी काकूंनी विचारलं, "आई, कसं चाललंय?" आई म्हणाल्या, "एकदम छान. काही म्हणजे काही त्रास नाही." असा शेरा आईंनी आजवर दिला नव्हता. काकूंचा चेहरा उजळला. पुडकं साऱ्या गिऱ्हाइकांकडे रवाना झालं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. हा दिवस आमच्या ऑफिसात काकूंचाच. पाटावर लाल कापड, त्यावर तपासणीचे फोन, चार्जर, मधोमध ती लाल दोऱ्याची किल्ली, वर झेंडू आणि हळदकुंकू. पूजेला मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाल्याशिवाय उचलायचं नाही, हा नियम. ठरलं असं होतं की दसऱ्याला पहाटे काकू ऑफिसात येतील, अक्षता टाकतील, किल्ली उचलून शिवानीच्या हातात देतील आणि तशाच स्टेशनला जातील. शिवानीने त्यासाठी नवीन सलवार कुर्ता आणला होता, पण हे कोणाला सांगायचं नव्हतं.

आरती झाली आणि औषधवाल्यांचा फोन आला. घंटी एकदा वाजत होती, आणि दहा मिनिटांनी परत. एका निवृत्त मास्तरांनी दोन्ही घंट्यांना मान देऊन रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली होती. चक्कर आली, डॉक्टरांनी झोपवून ठेवलं, आता बरे होते. "लेकिन दो बजे शुगरवाली गोली है, भाईसाहब," औषधवाले म्हणाले. "किस-किस को फ़ोन करूँ? आधे तो उठाते नहीं."

चूक सापडायला शिवानीला फार वेळ लागला नाही. दोष फक्त जुन्या फोनांवर दिसत होता, म्हणून माझ्या तावडीतून सुटला. दुरुस्त पुडकं तयार झालं. राहिली सही. आणि किल्ली पाटावर, झेंडूखाली. लॉकरातली प्रत आठवली, पण बँकेला नवमीची सुट्टी.

काकू खुर्चीत बसून होत्या. त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"काकू, उठा लीजिए," मालक म्हणाले.

"उत्तरपूजा उद्या आहे. आमच्याकडे कधी कोणी उचललं नाही." मग माझ्याकडे बघून, "आणि कशाला उचलू, भाऊ? कालचा शिक्का माझाच ना? मी उठवला, आईंनी पास केलं. तरी चुकलं. मास्तर पडले ते माझ्या सहीनं. आता परत तीच सही करू?"

आईंच्या फोनवर चाललेलं ॲप मास्तरांच्या फोनवर का बिघडावं, हे कळत नव्हतं. दोन्ही फोन एकाच मॉडेलचे, एकाच वयाचे.

मालकांचा धीर सुटला. "शिवानी, अपनी टेस्टवाली किल्ली से कर दे."

"नहीं चलेगा, सर."

"भेज तो सही!"

तिने केलं आणि पाठवलं, आईंच्याच फोनवर. दोन मिनिटांत थाटीपुरहून, काकूंच्या मुलाच्या फोनवरून, आईंचा आवाज ऑफिसभर घुमला. "अगं, काय पाठवलंय? माझा फोन घ्यायला नाही म्हणतोय. याच्यावर तुझी सही नाही का?"

"नाही आई. किल्ली पूजेत आहे."

"मग उचल की."

"खंडेनवमी आहे, आई."

आई म्हणाल्या, "काय गं, शत्रू दारात आला तर तुझे आजेसासरे त्याला काय उद्या ये म्हणाले असते? अक्षता टाक नि उचल. पाप लागलं तर मला लागू दे, माझं खातं तसंही बंद व्हायला आलंय."

काकू उठल्या. पाय धुऊन आल्या, पाटावर अक्षता टाकल्या, पाट जरासा हलवला आणि किल्ली उचलली. चष्म्याच्या फडक्याने तिच्यावरचं कुंकू पुसलं, दोनदा फुंकर मारली. मग कॉम्प्युटरकडे न जाता शिवानीसमोर उभ्या राहिल्या.

"हाथ आगे कर."

"कल देनेवाली थीं ना?"

"आज शुभ आहे. घे." आणि मुंजीत बटूला मंत्र सांगतात तसा त्यांनी तिच्या कानात पासवर्ड सांगितला. शिवानी खुर्चीत बसली. तिने मागे वळून पाहिलं. तेव्हा काकूच म्हणाल्या, "फिरा," आणि सगळ्यांच्या आधी स्वतः भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांच्या शेजारी मी होतो. भिंतीवर बघण्यासारखं काही नाही, जुनं कॅलेंडर आहे. काकू ते फार लक्ष देऊन वाचत होत्या.

"झालं," शिवानी म्हणाली. तिच्या तोंडचा मी ऐकलेला पहिला मराठी शब्द.

"चलो, सबको भेज दो!" मालक ओरडले.

"पहले आई के फ़ोन पे, सर," शिवानी म्हणाली आणि कोणाची वाट न बघता पाठवूनही दिलं.

या वेळी फोनने दार उघडलं. आईंनी घंटीची वेळ अलीकडे आणली. नातवाचा फोन चालूच ठेवला. घंटी वाजली, आम्हा सगळ्यांना ऐकू आली. आता दहा मिनिटं थांबायचं, दुसरी वाजते का ते बघायला.

ती दहा मिनिटं संपेपर्यंत पुढचं सांगून टाकतो. दोनच्या आत पुडकं सगळीकडे पोचलं आणि कोणी शुगरची गोळी दोनदा घेतली नाही. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर शिवानी नवीन कुर्त्यात आली, रडली, आणि डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणाली. किल्ली आता तिच्या गळ्यात असते. ती "फिरा" म्हणते आणि आम्ही फिरतो. आईंचा फोन इंदूरला गेला, तरी पुडकं पहिल्यांदा तिथेच जातं. पण त्या दहा मिनिटांत हे काहीच आम्हाला माहीत नव्हतं. काकू हात जोडून बसल्या होत्या आणि मला दिसत होतं की त्या दुसऱ्या घंटीची वाट बघत नव्हत्या. आपली शेवटची सही चुकली कशी, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं, आणि तेच घेऊन त्या उद्या गाडीत बसणार होत्या.

दहा मिनिटं झाली. अकरावंही झालं. ऑफिसात पंख्याचा आवाज. आणि मग फोनमधून, आनंदाने, अगदी मोठ्याने, आई:

"नाही वाजली गं! एकदाच वाजली! आणि काल तर एकदाही नव्हती वाजली. अष्टमीचा उपास, गोळी कुठे घ्यायची होती? मी सकाळीच घंटी बंद करून टाकली होती!"