उत्तमचं दुपारचं रक्त

उत्तम गेल्याचा फोन आला तेव्हा मी आधी हसलो. कारण हा माणूस याआधी दोनदा मेला होता. एकदा मेहुण्याच्या लग्नाला जायचं नव्हतं म्हणून, आणि एकदा आपल्यासाठी कोण किती रडतं ते पाहायला. म्हणून मी त्याच्या पुतण्याला म्हणालो, "त्याला म्हणावं, या बारीला काहीतरी नवं काढ." पलीकडून पुतण्याचं रडणं ऐकू आलं, तेव्हा कळलं, या बारीला खरंच.

आमचं गाव पाटोदा तालुक्यातलं, दोस्ती शाळेपासूनची. उत्तमच्या ताकदीच्या गोष्टी मीच वाढवून सांगत आलो, त्यामुळे त्यातल्या निम्म्या खऱ्या मानायला हरकत नाही. चिखलात रुतलेली म्हैस त्यानं एकदा अशी ओढली की ती बाहेर येऊन थेट शेजारच्या शिवारात पडली. जत्रेत कुस्त्या पुकारायला उभा राहिला की माईक लाजून बंद पडायचा. असा गडी पन्नाशीला आला आणि जेवता जेवता पेंगायला लागला. पेंगणारच! शेताची लाइट रात्रीची, म्हणून पाणीही रात्रीच द्यायचं, कित्येक महिने धड झोप नाही. पण ते त्याला पटेना. मोबाइलवर कुणीतरी छाती फुगवून सांगितलं होतं, पुरुषाचं हार्मोन कमी झालं की असं होतं. एक दिवस बांधावर, आजूबाजूला फक्त बैल असताना, तो माझ्या कानाशी कुजबुजला, "आपलं मशीन थंडावलंय बे. कुणाला बोलू नको." त्याची ती कुजबुज ऐकून बैलांनी चरायचं थांबवून माना वर केल्या.

रक्त तपासायचं ठरलं. लॅब पाटोद्यातही आहे, पण तिथं रक्त घेणारा पोरगा त्याच्या भावकीतला. "त्यानं सुई भाईर काढायच्या आत गावात दवंडी हुईल," उत्तम म्हणाला. म्हणून बीड. घरी सांगितलं, ट्रॅक्टरचा पार्ट आणायचाय. रात्रभर कापसाला पाणी देऊन, सकाळची कामं उरकून तो निघाला. बीडच्या स्टँडवर आम्ही भजी हाणली आणि ऐन दुपारी त्यानं हात पुढं केला. रिपोर्टमध्ये टेस्टोस्टेरॉन कमी आलं. तो घेऊन डॉक्टरकडं गेलो, तर डॉक्टर निघाल्या बाई. उत्तम छताच्या पंख्याशी बोलायला लागला. बाई शांतपणे म्हणाल्या, "हे हार्मोन सकाळी जास्त असतं, दुपारी उतरतं. आधी नीट झोपा. मग दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी लवकर, उपाशीपोटी रक्त द्या. दोन्हीदा कमी आलं तर कारण शोधू. इंजेक्शनचा विचार त्यानंतर, तोही हिमोग्लोबिन आणि प्रोस्टेट तपासून."

परतीच्या एसटीत मी म्हणालो, "सकाळी पाटोद्यातच देऊ की. साखर तपासतोय म्हण."

"भावकी हाय ती! कागद वाचणारच."

"मग बीडला मुक्काम करू."

"आन् बायकूला काय सांगू? का ऱ्हायलो म्हणून?"

"खरं सांग."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्याला भर बाजारात उघडं फिरायला सांगत होतो. पुढं मी किती शिव्या दिल्या, किती पहाटे त्याच्या दारात मोटरसायकल लावून हॉर्न वाजवला. हा बाबा मागच्या दारानं पसार! म्हैस फेकणारा माणूस, आणि भ्यायला कशाला, तर भावकीतल्या एका पोराच्या हसण्याला.

मग ताकदीची पावडर विकणाऱ्या कुणा ओळखीच्यानं त्याला हार्मोनची इंजेक्शनं आणून दिली. ना चिठ्ठी, ना तपासणी. वाईट म्हणजे, त्याला बरं वाटलं. तोंड टोमॅटोसारखं लाल, मिशा आपोआप वर. डोकं दुखायचं, तेही कौतुकानं सांगायचा, "ताकद डोक्यापर्यंत गेलीय लेका." एका सकाळी धार काढता काढता गोठ्यातच कोसळला. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. रक्त फार दाट झालं होतं. इंजेक्शननं तसं होऊ शकतं, पण यांचं आधीचं काहीच तपासलेलं नाही, त्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही.

सांगता येत नाही! हेच मला कुरतडतंय. हार्मोन खरंच कमी होतं, की नुसती झोप कमी होती? कुणाला विचारू? ज्याला खोदून खोदून विचारायचं तोच निघून गेला.

परवा त्याच्या घरी गेलो. वहिनींनी त्याचा दाढीचा डबा समोर ठेवला. त्यात ब्रश, साबण, आणि तळाशी जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेल्या इंजेक्शनच्या बाटल्या, न फोडलेल्या. "भावजी, ह्ये कशाचं हुतं?" मी आयुष्यात पहिल्यांदाच काहीही न वाढवता सगळं सांगितलं. वहिनी ब्रशवरून बोट फिरवत बसल्या.

"दमलेत ते दिसत हुतं मला," त्या म्हणाल्या. "मी म्हणलं हुतं, रातचं पाणी मी देते, तुमी झोपा. तर म्हणले, लोक काय म्हणतील..."

मग त्या उठल्या, ब्रश स्वच्छ धुतला आणि उत्तम ठेवायचा तसा खिडकीत उभा वाळत ठेवला. बाटल्या माझ्या हातात दिल्या.

"ह्या तेवढ्या घिऊन जा."