आळीतल्या गाडीला भोंगा

आमच्या गाडीला कुठलीही चावी चालायची. दोन मालक बघून माझ्याकडे आलेली जुनी गाडी. कुलूप आतून इतकं झिजलेलं की आळीतल्या कुणी कपाटाची चावी घालून पिरगळली तरी इंजिन सुरू. सगळ्यांना त्याची मोठी गंमत वाटायची. मला वाटायची नाही. गाडी मी माझ्या पगारातून घेतली होती, आणि हौस म्हणून घेतली नव्हती.

माझे वडील निडीला राहतात. त्यांच्या किडन्या गेल्यात. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, त्यांना रोह्याला डायलिसिसला न्यावं लागतं. माझं सासर पेणला आणि नोकरी रोह्याच्या एमआयडीसीत, इलेक्ट्रिक पॅनेल बनवणाऱ्या कंपनीत. निडी वाटेतच पडतं. पहाटे निघायचं, बाबांना आणि आईला गाडीत घ्यायचं, दवाखान्यात सोडायचं आणि शिफ्टला पळायचं. शिफ्ट सुटेपर्यंत दोघं दवाखान्याच्या बाकावर बसून राहतात, मग परत निडी. रेल्वेची वेळ जुळत नाही. एसटीत बाबांना उभं राहवत नाही. पावसात रिक्षावाला येतो म्हणतो आणि फोन बंद करून ठेवतो. म्हणून गाडी. हे मी सासरी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

पण आमच्या आळीत एकाची वस्तू ती सगळ्यांची. शिडी, ताडपत्री, मोठं पातेलं, तशीच गाडी. विचारायला येतात ते वापरून झाल्यावर, आणि तेही हसत हसत. माझ्या दिराचा गणपतीचा कारखाना आहे. आषाढ लागला की मूर्ती बाहेरगावी पाठवायची घाई सुरू होते, टेंपोवाला ऐन वेळी दगा देतो, आणि मग लहान मूर्ती माझ्या मागच्या सीटवर जाऊन बसतात. सीटभर पेंढ्याचा चुरा, दाराच्या हँडलला सोनेरी रंगाचे डाग. देवाचं काम आहे, आपण कशाला बोला, म्हणून मी ते सोडून देत आले. तिथंच चुकलं. एकदा सोडून दिलं की लोक ते कायमचं आपलं धरून चालतात.

गेल्या वर्षी असाच एक मंगळवार. पहाटे डबा घेऊन बाहेर आले तर अंगणात गाडी नाही. ती उभी होती तेवढी जागा कोरडी, बाकी सगळीकडे पावसाचं पाणी.

सासूबाई आतून म्हणाल्या, "धाकट्यानं नेली पनवेलला, मूर्ती पोचवायला. येल दुपारपर्यंत."

"आई, आज मंगळवार आहे."

"एका दिसानं काय होतंय गो? उद्या ने."

नवरा ओट्यावर चहा पीत बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं कपातून नजर वर केली नाही. मला वाटलं, भावाच्या वागण्याची लाज वाटतेय बिचाऱ्याला.

एसटीनं नागोठणं, तिथून एका ओळखीच्या बाईच्या स्कूटरवर मागे बसून निडी. चिंब भिजून पोचले तर बाबा बनियन-लुंगीवर पडवीत बसलेले. वाट बघून कंटाळले असतील, घातलेला सदरा काढून ठेवला असेल, असं मला वाटलं. मला बघून तेच ओशाळले. "कशाला धावत आलीस गो एवढ्या पावसाची? एक दिस चालतो मला." तोवर मशीनवरची त्यांची पाळी गेली होती. दवाखान्यानं दुसऱ्या दिवशीची वेळ दिली. त्या रात्री त्यांना आडवं होता आलं नाही. पाय सुजले, श्वास पुरेना, आई त्यांच्या पाठीला उशा लावत बसून राहिली. तिनं हे मला सांगितलं तेव्हा मी कंपनीत होते. हातातला पाना मी इतक्या जोरात टेबलावर आपटला की शेजारची बाई उठून लांब गेली.

घरी येऊन दिराला बोलले. तो म्हणाला, "सॉरी वैनी, परत नाय होणार." पुढच्याच आठवड्यात कुणाच्या तरी हळदीला गाडी गेली आणि पेट्रोलचा काटा तळाला टेकवून परत आली. मग मी बोलणं बंद केलं.

पेणच्या बाजारात गाडीचं सामान विकणाऱ्या दुकानात गेले. म्हटलं, सेंट्रल लॉक आणि अलार्म पाहिजे, चोरी करायला गेलं तर इंजिन सुरूच होणार नाही असा. दुकानदारानं माझ्या मागे बघितलं, कुणी पुरुष आहे का म्हणून. कुणी नव्हतं. "मिस्टरांना पाठवा," म्हणाला, "त्यांना समजावून सांगतो. बसवायला आमचा माणूस येईल." मला त्याचा माणूस नको होता. त्याचा माणूस दिराच्या कट्ट्यावरचा. काम व्हायच्या आधी सगळ्या आळीला कळलं असतं की कुठली वायर ओढली की भोंगा गप्प होतो. मी म्हटलं, "खोका द्या. बसवते मी." तो हसला. मला त्या हसण्याचा आजही राग येतो. मी रोज जितक्या वायरी जोडते तितक्या त्यानं जन्मात बघितल्या नसतील.

सुट्टीच्या दिवशी पाऊस उघडला होता. अंगणात गाडी घेतली, बॅटरीची वायर काढून ठेवली आणि ड्रायव्हरच्या दारापासून सुरुवात केली. काच खाली-वर करायच्या हँडलमागे एक तारेची क्लिप असते. मागून फडकं घालून डावीकडे-उजवीकडे घासलं की ती टण्णकन उडते. मग स्क्रू, मग दाराचं आतलं कव्हर. त्याच्यामागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तो फाडून टाकला तर आपल्याकडच्या पावसात दारातून पाणी थेट पायाशी येतं, म्हणून मी तो खालून नीट सोडवून वर टेपनं अडकवून ठेवला. प्रत्येक दारात एक छोटी मोटर बसते आणि तिची सळी कुलपाच्या सळीला जोडायची. दोन्ही सरळ रेषेत आल्या पाहिजेत. मोटर तिरकी बसली की ती जोर लावते आणि सळीच वाकते. पहिल्या दाराला माझी वाकलीच. बोटाला पत्रा लागला, रक्त आलं. मी शिवी दिली आणि परत सुरू केलं.

तोवर आळी जमली. पुरुषांना उघडी गाडी दिसली की सल्ला द्यायचा आजारच आहे. एक म्हणाला फ्यूज जळेल, एक म्हणाला गाडीला आग लागेल, एकानं न विचारता पकड उचलली आणि माझी काळी वायर कापायला निघाला. मी त्याच्या हातातून पकड हिसकावली. दीर हाताला रंग लागलेल्या अवतारातच कारखान्यातून आला. थोडा वेळ बघत राहिला.

"वैनी, खरं सांग. हे आमच्यासाठी लावतेस काय?"

"व्हय," मी म्हटलं. "तुमच्यासाठीच."

सासूबाई दारात आल्या. "घरातल्या मानसांवर चोरीचा आळ घेतेस? आमच्या सात पिढ्यांत कुनी अंगणातल्या वस्तूला कुलूप लावलं नाय." त्यांचा आवाज चिरकला होता, आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. आळीत कुलूप लावणं म्हणजे समोरच्याला तोंडावर चोर म्हणणं. हे मलाही कळत होतं. मी तरीही दारातल्या वायरी रबरी नळीतून आत ओढत राहिले, कारण पडवीत बनियनवर बसलेले माझे बाबा मला दिसत होते.

पहिल्यांदा बटण दाबलं तर तीन दारं बंद झाली आणि चौथं उघडलं. अख्खी आळी खदखदून हसली. त्या दाराच्या दोन वायरी उलट लागल्या होत्या, एवढंच. अदलाबदल केली, परत दाबलं, चारही दारं एका दमात खटकन बसली. आता कुणी हसलं नाही. शेवटी भोंगा, बॉनेटच्या आत, पाणी साचू नये म्हणून तोंड खाली करून. आणि इंजिनाचा करंट तोडणारी जोडणी कुठं केली ते मी इथंही सांगणार नाही. दोन्ही रिमोट माझ्या पर्समध्ये गेले.

पुढचे काही दिवस घरात माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं. शेजारीण वाटीभर साखर मागायला यायची, तीही येईनाशी झाली. पोरांचा चेंडू लागून भोंगा वाजला की चार खिडक्यांतून आवाज यायचा, "वाजली गो तुझी तिजोरी!" मला वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पण मंगळवारी गाडी अंगणात असायची आणि शुक्रवारीही असायची. बाबांच्या पायांची सूज उतरली होती.

मग एका शुक्रवारी पहाटे मी केस विंचरत असताना भोंगा सुरू झाला. कर्कश, थांबायचं नाव नाही. रिमोट घेऊन तशीच बाहेर धावले. म्हटलं, सापडला आज दीर.

दीर होताच, हातात कागदात गुंडाळलेली मूर्ती घेऊन गाडीबाहेर उभा. पण स्टिअरिंगवर माझा नवरा बसला होता. जुनी चावी घालून पिरगळत होता, परत परत, आणि इंजिन घेत नव्हतं. समोरच्या ओट्यावर माणसं गोळा झाली होती. तो माझ्याकडे बघून ओरडला, "बंद कर ते!"

मी बंद केलं नाही. रिमोट मुठीत धरून विचारलं, "आज वार कुठला?"

दीर मधेच म्हणाला, "वैनी, मी कधी बिनविचारता नेली नाय. दर टायमाला दादाला विचारलं. त्यानंच दिली." भोंग्यापुढं त्याला ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे सगळ्या आळीनं ऐकलं. पनवेलच्या मंगळवारीसुद्धा दिली होती. ओट्यावर चहा पिता पिता. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती मला त्या दिवशी खरोखर पायापासून चढताना जाणवली. मी दिराला चोर ठरवलं होतं, आणि ज्याच्या ताटाशेजारी मी रोज जेवायला बसत होते तो माझ्या बापाचा दिवस भावाला देऊन मोकळा झाला होता.

नवरा खाली उतरला. "मी काय तसाच देतो काय? विचारून देतो."

"कुणाला विचारून? मला तर नाही."

"जा, तुझ्या बाबांना विचार," म्हणाला आणि आत निघून गेला.

भोंगा बंद केला, पर्स घेतली, विंचरायचे राहिलेले केस तसेच बांधले आणि निघाले. वाटेतल्या कासू गावापर्यंत मी मोठमोठ्यानं एकटीच बोलत होते. समोरच्या ट्रकवाल्याला विनाकारण हॉर्न मारला.

निडीला पोचले तर बाबा बनियन-लुंगीवर पडवीत. सदरा खुंटीला. आईनं डबासुद्धा भरला नव्हता. मला बघून दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

"तू कशी आलीस?" आई म्हणाली. "जावयांचा काल फोन आलेला, गाडी लागनार म्हणून. तुझ्या बाबांना विचारलं त्यांनी, चालेल काय एक दिवस. ह्ये म्हणाले, चालेल."

"आणि त्या पावसाच्या मंगळवारी?"

बाबाच म्हणाले, "तेव्हापन आलेला फोन. चांगलं विचारलंन. आज्ञा नाय केलीन."

मी पायरीवर बसले. माझ्या नवऱ्याला चांगलं माहीत होतं, फोन कुणाला लावायचा. मला लावला असता तर मी नाही म्हटलं असतं. म्हणून त्यानं तो अशा माणसाला लावला, ज्याला मुलगी दिल्या दिवसापासून त्या घराला नाही म्हणता येत नाही. रात्रभर श्वासासाठी तडफडले, पण फोनचं मला सांगितलं नाही, आईलाही शपथ घातली, का तर माझ्या संसारात भांडण नको.

"बाबा, तुम्ही नाही का म्हटलं नाहीत?"

"जावयाला नाय कसं म्हनायचं गो?"

माझं डोकं फिरलं. मी फोन काढला, नवऱ्याला लावला, स्पीकर सुरू केला आणि बाबांसमोर धरला. "म्हणा. आत्ता म्हणा. नाही, गाडी मिळणार नाही, मला डायलिसिसला जायचं असतं. एवढंच म्हणा, दुसरं काही नको."

पलीकडून नवऱ्याचा आवाज आला, "हॅलो?"

जावयाचा आवाज ऐकल्याबरोबर बाबा खांबाला धरून उठून उभे राहिले. खुंटीवरचा सदरा ओढून खांद्यावर घेतला. माझ्याकडे एकदा बघितलं.

"नमस्कार, जावईबापू," ते म्हणाले. "च्यापानी झालं काय? पोरगी जरा तापट हाय, मनाला लावून घेऊ नका. गाडी लागली तर सांगा हां, मोकळ्या मनानं."

एवढं बोलून त्यांना धाप लागली, आणि ते माझ्या हाताला धरून खाली बसले.