ब्रेक नसलेली गाडी

बोलता बोलता त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा. अंगणातून वासरू उधळलं की पाय दाबला. टीव्हीवर ट्रक वळला की दाबला. एकदा मी नोकरी सोडायचं म्हणालो, तेव्हाही दाबला. पस्तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाचा हा ब्रेक. तुमच्याही पाहण्यात असा कुणी असेल.

त्यांच्याच बसनं मी कॉलेजला जायचो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. एकदा मी धापा टाकत येताना त्यांना आरशात दिसलो, तरी त्यांनी गाडी सोडली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मास्तर, मी थांबलो असतो, पण उद्या परीक्षेचा पेपर थांबनार हाय काय?" मी तेव्हा मास्तर नव्हतो. आज आहे, आणि त्यात त्या न थांबलेल्या बसचा मोठा वाटा आहे.

पुढं आगरदांड्याच्या शाळेत नोकरी लागली आणि मी त्यांचा शेजारी झालो, त्यांना काका म्हणू लागलो. ते निवृत्त होऊन अंगणात होडी बांधत होते. मरिन प्लायच्या फळ्या, सांध्यांवर फायबरच्या पट्ट्या, सपाट बूड, बारा फूट लांबी, मागं अडकवायला जुनं पेट्रोल इंजिन. तिला ते होडी म्हणत नसत, 'गाडी' म्हणत. आत उतरायला एक पायरी केली होती आणि धरायला बसमध्ये असतो तसा स्टीलचा दांडा.

पायरी आणि दांडा काकींसाठी होता, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी. खरं तर सगळी होडीच काकींसाठी होती. काकींचा थोरला भाऊ खाडीपलीकडं अंथरुणाला खिळला होता. आमच्याकडून त्याच्या घराची कौलं दिसत. पण फेरीबोटीनं दिघीला उतरल्यावर पुढं बराच वेळ शेतांच्या बांधावरून चालावं लागे, आणि काकींच्या गुडघ्यांना ते जमेना. दोन वर्षं बहीणभावाची गाठ नव्हती. भरतीच्या वेळी छोटी होडी मात्र थेट त्याच्या परसाला लागली असती.

"मी न्हाय बसायची," काकी म्हणाल्या. "आधी मास्तरला दहा वेळा सुका परत आना, मग बघू."

म्हणून मी बसलो. इंजिन मागं, तेही मागं, त्यामुळं होडीचं तोंड आभाळाकडं जायचं. "मास्तर, पुढं बसा. तुमचं बीएस्सी कामाला येऊ दे." माझ्या पदवीला असं वजन पहिल्यांदाच आलं.

होडीला स्टिअरिंग नसतं. मागच्या इंजिनाचा दांडा हातात धरायचा, आणि उजवीकडं वळायचं तर तो डावीकडं न्यायचा. पस्तीस वर्षांचे हात ऐकेनात. पहिल्याच दिवशी आम्ही तिवरांच्या झाडीतल्या चिखलात शिरलो. धक्क्यावरून एक कोळीण ओरडली, "ओ डायवर, श्टाप आला काय?"

"व्हय! चढ, जागा हाय!" हे गुडघाभर चिखलातून.

मग रोज संध्याकाळी ते स्वयंपाकघरात स्टुलावर बसून, झाडूचा दांडा पाठीमागं धरून सराव करू लागले. काकी भाकरी थापता थापता हुकूम सोडायच्या, "डावीकडं! अहो, डावीकडं! गेली, माझ्या पिठात गेली."

सातव्या खेपेला फेरीबोटीची लाट आली. त्यांचा पाय दाबला गेला, हातानं इंजिनही बंद केलं. होडी लाटेला आडवी झाली आणि मी नखशिखांत भिजलो. काकींनी पुन्हा एकपासून मोजायला घेतलं. "लाट आली की थांबायचं न्हाय," ते पुटपुटले, "तिच्याकडं तोंड करून जायचं." मला सांगत होते की आपल्या पायाला, कळलं नाही.

दहा सुक्या खेपा झाल्याच नाहीत. नव्या मोजणीतल्या चौथीनंतर पलीकडून भाच्याचा फोन आला. "आत्या, बाबांनी जेवण सोडलंय. तुझंच नाव घेतायत."

काकींनी पातळ बदललं आणि म्हणाल्या, "काढा तुमची गाडी."

भरती होती. मी पुढं, काकी मधे दांडा धरून, डोळे मिटून. निम्म्यात लाट आली. काकांनी होडीचं तोंड तिच्याकडं वळवलं, वेग तसाच ठेवला, आणि होडी वर चढून अलगद खाली उतरली. काकींनी एक डोळा उघडला. "बरी चालवता की."

भाच्यानं काकींना हात देऊन आत नेलं. आम्ही होडीतच थांबलो. "अर्ध्या तासात निघू," ते म्हणाले, "मग पानी ओसरंल."

आतून आधी रडणं ऐकू आलं. मग कुजबुज. मग काकींचा चढा आवाज, "तो आंबा तूच खाल्लास! मार मात्र मला बसला!" आणि भावाचं खोकत खोकत हसणं.

अर्धा तास होऊन गेला. "काका, पाणी चाललं. हाक मारू?"

"नको."

"चिखलात अडकू. मग पुढच्या भरतीशिवाय निघता यायचं नाही."

"व्हय."

काकींचा भाऊ त्यानंतर चार दिवसांनी गेला. गेल्या वर्षी काकाही गेले. मला ते दिसतात ते त्या दुपारचे. इंजिन वर उचलून ठेवलेलं. होडी बुडावर टेकून जराशी कललेली. चौफेर चिखल, त्यातून एकेक खेकडा बाहेर पडतोय, आणि हे घराकडं कान लावून बसलेत.

भाचा चहा घेऊन बाहेर आला आणि दारातच थबकला. "अरे, पाणी गेलं की!"

"हळू बोल," ते म्हणाले. "आत सांगू नको."